व्यायला आलेली डुकरीण

श्रोते हो, आजच्या भाषणाचे नाव ऐकून तुमच्यापैकी काही जणांनी नाक मुरडले असेल. गाई-म्हशींवर बोलावे, शेळीवर बोलावे, फार तर कोंबडीवर. पण डुकरावर काय बोलायचे? आपले हे जुनेच आहे. दशावतारांतला तिसरा अवतार वराहाचा. 'वराह' म्हटले की आपण हात जोडतो आणि 'डुक्कर' म्हटले की धोंडा उचलतो. निवडणुकीत एखाद्याने मुसंडी मारली की आपण त्याचे कौतुक करतो. ती मुसंडी मूळची कोणाची, हे मात्र कोणी विचारीत नाही.

मी आज बोलायला बसलो आहे तो एका बाईंच्या प्रश्नामुळे. उसाच्या पट्ट्यातले गाव. घरात डुकरे पिढीजात, पण ती मोकाट सोडून पाळायची. या बाईंनी बचत गटाचे कर्ज काढले, पक्का वाडा बांधला आणि मोठ्या पांढऱ्या यॉर्कशायर जातीच्या दोन माद्या आणल्या. त्यांतली एक, पहिलारू, रात्रीची व्याली. दहा पिल्ले झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा चार उरली होती. सहा आईच्याच अंगाखाली चेंगरून मेली होती. बाई वाड्याच्या दारात बसून होत्या. मला पाहून म्हणाल्या, “डॉक्टर, ही आई हाय का वैरीण? सवताच्याच लेकरांवर बसती. जाऊबाई म्हन्त्यात, खाटकाला इकून टाक. आता हप्ता कशातनं भरू मी?”

मी वाड्यात वाकून पाहिले. फरशी गुळगुळीत, आरशासारखी धुतलेली. काडीसुद्धा नाही. मी विचारले, “मावशी, खाली पेंढा, पाचट काहीच नाही का टाकले?” तर म्हणाल्या, “लोकं नावं ठिवत्यात डॉक्टर, डुकरं म्हंजी घाण. म्हनून रोज दोनदा धुती मी.”

सहा पिल्ले का मेली, याचे अर्धेअधिक उत्तर त्या धुतलेल्या फरशीत होते. पण दारात बसलेल्या माणसाला ते दोन वाक्यांत कसे सांगणार? मला सांगता आले नाही. आज सवडीने सांगतो.

पहिली गोष्ट अशी, की डुक्कर हे कळपाचे जनावर आहे. रानडुकराचेच हे माणसाळलेले रूप. पश्चिम आशियात सुमारे ९,००० वर्षांपूर्वी आणि चीनमध्ये स्वतंत्रपणे माणसाने ते पाळायला सुरुवात केली. एवढ्या काळात त्याचे रंगरूप बदलले, अंग वाढले, केस गेले. पण स्वभाव किती बदलला? स्कॉटलंडमध्ये एडिंबरो येथे अॅलेक्स स्टोल्बा आणि डेव्हिड वुड-गश या दोघा संशोधकांनी हेच पाहायचे ठरवले. पाळीव डुकरे त्यांनी कुंपण घातलेल्या मोकळ्या रानात सोडली. तिथे झाडे होती, काटेरी झुडपे होती, ओढा होता, चिखलाची जागा होती. त्यांनी केलेली निरीक्षणे १९८९ साली प्रसिद्ध झाली. बापजन्मात रान न पाहिलेली ती डुकरे रानडुकरांसारखी वागू लागली. निजायला सगळ्यांनी मिळून आडोशाला गवताकाडीचे एक मोठे अंथरूण केले. सकाळी उठून हागायला-मुतायला ती त्या अंथरुणापासून दूर जात. दिवसातला बराच वेळ नाकाडाने माती उकरण्यात आणि चरण्यात जाई. आणि एखादी मादी व्यायला आली की कळप सोडून एकटीच लांब जाई.

हे निजायच्या जागेचे नीट ध्यानात घ्या. डुकराला पुरेशी जागा दिली तर ते आपले अंथरूण घाण करीत नाही. मग चिखलात का लोळते? तर त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. उन्हात आपल्या अंगातून पाणी झरते आणि आपण थंड होतो. डुकराची ती सोय नाही. म्हणून ते अंगाला चिखल माखून घेते. चिखलातले पाणी हळूहळू सुकते आणि गारवा जास्त वेळ टिकतो. वैशाखात म्हशीला डबक्यात बसलेली पाहून आपण काही म्हणत नाही. डुकराला मात्र 'घाणेरडे' म्हणतो.

रानातल्या कळपात आई, तिच्या थोरल्या लेकी, कधी बहिणी आणि या सगळ्यांची पिल्ले असतात. वयात आलेला नर एकांडा फिरतो आणि माद्या माजावर आल्या की तेवढ्यापुरता कळपात येतो. कळपातली जनावरे एकमेकांना वासाने आणि आवाजाने ओळखतात. कोणी कोणाला वाट द्यायची हे ठरलेले असते. एकदा ठरले की रोज भांडण होत नाही. धाकटीने मान वळवून बाजूला व्हायचे, संपले. पण अनोळखी जनावर आत आले की हा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो. पहिल्या एक-दोन दिवसांत जोराची मारामारी होते, कान-खांदे फाटतात. रानात हरलेले जनावर पळून जाते. आपल्या दहा-बारा फुटांच्या वाड्यात ते पळणार कुठे?

तेव्हा बाजारातून आणलेली मादी जुन्या माद्यांत एकदम ढकलू नका. काही दिवस शेजारच्या खणात, जाळीआड ठेवा. वासाची ओळख होऊ द्या. मग पोटभर खाणे घालून, जागा मोकळी करून एकत्र सोडा. खाणे एकाच गव्हाणीत ओतू नका, लांबवर पसरून घाला. नाहीतर दांडगी मादी खाऊन फुगते आणि गरीब मादी हाडाला लागते. आणि फळवल्यानंतरचा पहिला महिना तरी माद्यांची अदलाबदल टाळाच. त्या दिवसांत गर्भ कुशीत रुजत असतात. मारामारीचा धसका बसला तर कधी गर्भ कमी टिकतात, कधी मादी उलटते. गर्भ चारांहून कमी राहिले तर डुकरिणीच्या अंगाला गाभण राहिल्याची खूण पटत नाही आणि ती पुन्हा माजावर येते.

आता माजाचे. मादी साधारण सहा-सात महिन्यांची झाली की पहिल्यांदा माजावर येते. माज दर २१ दिवसांनी येतो आणि दोन-तीन दिवस टिकतो. योनी लाल होऊन सुजते, खाण्यावरचे मन उडते, मादी दुसरीवर चढू पाहते, येरझारा घालते. पण खरी परीक्षा हाताची. कमरेवर तळव्याने जोराचा दाब द्या. पक्क्या माजावरची मादी खांबासारखी उभी राहते. नर जवळपास असला तर ही खूण जास्त स्पष्ट दिसते, कारण अर्धे काम त्याच्या लाळेचे. माजाचा वास आला की नर दात वाजवतो, तोंडाला फेस आणतो आणि एका ठरावीक सुरात गुरगुरत मादीभोवती फिरतो. त्या फेसात एक द्रव्य असते. त्याचा वास नाकात गेला की मादी थबकून उभी राहते. काही देशांत हाच वास डब्यात भरून विकतात. नर न ठेवता कृत्रिम रेतन करणारे लोक तो मादीच्या नाकाशी फवारून माज तपासतात. वयात येऊ घातलेल्या माद्यांनाही रोज थोडा वेळ नर दाखवला तर त्या लवकर माजावर येतात. मात्र नर दहा-अकरा महिन्यांच्या पुढचा हवा. सोबत वाढलेला भाऊ दाखवून काम होत नाही. आणि त्या भावाकडूनच माद्या फळवून घेण्याची जी वाईट सवय आपल्याकडे आहे, ती तर सोडाच. दोन पिढ्यांत पिल्ले कमी आणि किडकी होऊ लागतात, मग लोक म्हणतात जात उतरली.

पहिल्या माजाला फळवू नये. दुसरा-तिसरा माज येऊ द्यावा, मादी शंभर किलोच्या घरात जाऊ द्यावी. उभी राहण्याची खूण दिसली की अर्ध्या ते एका दिवसात एकदा आणि त्यानंतर १२ तासांनी पुन्हा नर दाखवावा. डुकरांचे मीलन वळूसारखे क्षणाचे नसते, पाच-दहा मिनिटे चालते. पाव लिटरच्या आसपास वीर्य पडते. घाई करून जोडी सोडवू नये. विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. नराला उन्हाची झळ लागली की त्याचे वीर्य पुढचा महिना-दीड महिना कमजोर राहते. एप्रिलमध्ये नर तापला आणि मे अखेर माद्या उलटू लागल्या, तर मादीला बोल लावू नका. नराच्या डोक्यावर सावली आणि अंगावर पाणी हवे होते.

गाभणकाळ ११४ दिवसांचा. तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस, असा तो लक्षात ठेवतात. १ जानेवारीला फळवली तर २५ एप्रिलच्या आसपास व्यायची. तारीख वाड्याच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. बाईंनी ती लिहिली होती. तेवढी शिस्त त्यांच्यात होती.

आता मी त्या रात्रीकडे येतो. व्यायच्या आदल्या दिवशी डुकरिणीला एकच ध्यास लागतो, घरटे करण्याचा. होय, पाखरासारखे घरटे. रानातली मादी आडोशाची जागा निवडते, नाकाडाने आणि पुढच्या पायांनी उथळ खड्डा करते, तोंडात गवत, काटक्या, पाने धरून आणते, वरून रचते, आत शिरून पायांनी सारखे करते. हे शिकवावे लागत नाही. पोटातल्या रसांचे चक्र फिरले की ते आपोआप सुरू होते आणि व्यायच्या काही तास आधी थांबते. मग ती घरट्यात शांत पडून राहते. आता अशी मादी गुळगुळीत फरशीवर ठेवली तर काय होते? तिचा ध्यास काही जात नाही. ती फरशीच खरवडते, भिंतीला नाक घासते, गज चावते, उठते, बसते, पुन्हा उठते. घरटे न झालेली मादी बेचैन राहते. वेणा लांबतात, आणि व्याल्यावरही तिचे उठबस करणे थांबत नाही.

घरट्याचा दुसरा उपयोग पिल्लांना. पिल्लू जन्मते ते सव्वा-दीड किलोचे, अंगावर धड केस नाहीत, कातडीखाली चरबी नाही. त्याला पहिल्या दिवशी ३२ ते ३४ अंश ऊब लागते. आपल्याला जी हवा बरी वाटते, त्यात ते काकडते. गाय वासराला चाटते, कुत्री पिल्लांना चाटते. डुकरीण चाटत नाही, नाळही तोडत नाही. पिल्लू आपले आपण उठते आणि कासेकडे सरपटते. खाली पेंढा असेल तर अंग कोरडे होते आणि ऊब मिळते. थंड, ओली फरशी असेल तर पिल्लू गारठते, मंद होते आणि उबेसाठी आईच्या कुशीला चिकटून राहते. आई उठून पुन्हा आडवी होताना ते बाजूला सरकू शकत नाही.

आईचेही पाहा. घरटे असलेली मादी एकदम बसत नाही. आधी ती नाकाने पेंढा हुंगते, हलवते, पिल्ले एका अंगाला गोळा होऊ देते, मग पुढचे गुडघे टेकते आणि अंग हळूहळू खाली सोडते. गुळगुळीत फरशीवर पाय धरत नाहीत. दीडशे-दोनशे किलोचे अंग धपकन खाली येते. पिल्लू किंचाळले तर बऱ्याच माद्या उठतात. पण गारठलेल्या पिल्लाला किंचाळण्याचेही त्राण नसते. जी पिल्ले मरतात त्यांतली बहुतेक पहिल्या तीन दिवसांत मरतात, ती अशी.

म्हणजे बाईंच्या प्रश्नाचे उत्तर: वैरीण नव्हे. तिला आईपण करायला काडी मिळाली नाही.

उपाय खर्चाचे नाहीत. तारखेच्या पाच-सहा दिवस आधी मादी वेगळ्या खणात न्यावी. फरशी धुवावी, पण मग कोरडी होऊ द्यावी आणि पेंढा, गवत किंवा उसाचे पाचट टाकावे. थोडे बाजूला ठेवावे, म्हणजे तिला ते तोंडाने उचलून नेता येईल. सगळे आपणच पसरून दिले तर तिचे मन भरत नाही. भिंतीपासून वीतभर अंतरावर आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवा बांबू पक्का करावा. आई भिंतीला टेकून बसली तरी बांबूआड पिल्लाला जागा राहते. एका कोपऱ्यात पिल्लांपुरती वाट ठेवून वर बल्ब लावावा. एखादी पहिलारू घाबरून पिल्लांना चावायला धावते. तिला मारू नये. पिल्ले टोपलीत बाजूला घ्यावीत, वेणा संपून ती निवली की एकेक करून कासेला लावावीत.

आता दुधाची तऱ्हा. इथे शिक्षक मंडळींनी विशेष कान द्यावा, कारण याहून चांगला निसर्गाचा पाठ मला ठाऊक नाही. डुकरिणीला बारा ते सोळा सड असतात. गाईसारखा दूध साठवायचा हौद तिच्या कासेत नसतो. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही तासांत चीक केव्हाही मिळतो, आणि तो प्रत्येक पिल्लाच्या पोटात पहिल्या दिवशीच गेला पाहिजे. आईकडून रोगाशी लढण्याचे बळ पिल्लाला पोटात असताना मिळत नाही, ते सगळे चिकातून मिळते. त्यानंतर मात्र दूध तासा-पाऊण तासाने एकदा सुटते आणि ते फक्त वीस सेकंदांपर्यंत. चुकला तो उपाशी. म्हणून आई आधी हाक घालते. संथ, ठेक्यात गुरगुरते. पिल्ले धावत येऊन कासेला नाकाने ढुसण्या देतात. मग तिचे गुरगुरणे भराभर होऊ लागते, आणि पाठोपाठ दूध सुटते. त्या क्षणी सगळी पिल्ले एकदम गप्प होऊन चोखतात. शेजारच्या खणातल्या मादीने हे ऐकले की तीही पिल्लांना हाक घालते.

आणि प्रत्येक पिल्लाचा सड ठरलेला असतो. पहिल्या दिवसांत त्यांची सुईसारख्या दातांनी त्यासाठी भांडणे होतात. पुढचे, छातीकडचे सड सगळ्यांना हवे असतात. आठवडाभरात वाटणी पक्की होते आणि मग दूध तुटेपर्यंत बहुधा बदलत नाही. जो सड कोणी चोखत नाही, तो दोन-तीन दिवसांत आटतो. म्हणून एका मादीची जास्तीची पिल्ले दुसरीला लावायची तर ती एक-दोन दिवसांतच लावावीत, उशिरा नव्हे. लावताना दुबळे पिल्लू हलवू नये, दांडगे हलवावे.

गुरुजी, तुमच्या गावात कोणाकडे डुकरीण असेल तर पाच मुले तिथे घेऊन जा. मालकाला विचारून पिल्लांच्या पाठीवर रंगाने १, २, ३ असे आकडे घाला. एका मुलाने घड्याळ धरायचे, एकाने गुरगुरणे मोजायचे, बाकीच्यांनी कोणते पिल्लू कोणत्या सडाला जाते ते लिहायचे. चार दिवस हे केलेत तर पुस्तकातल्या दहा धड्यांचे काम होईल. आणखी एक. ज्या घरची ती डुकरीण आहे, त्या घरचे पोर बहुधा तुमच्याच वर्गात मागच्या बाकावर असेल, आणि मुले त्याला कोणत्या नावाने चिडवतात ते तुम्हांला माहीत असेल. त्या दिवशी सगळ्यांना माहिती सांगण्याचे काम त्याच्याकडे द्या.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात. फरशीवर वाढणाऱ्या पिल्लांना लोहाची तूट पडते. रोज सातेक मिलिग्रॅम लोह हवे, दुधातून एखादाच मिळतो. रानात पिल्लू माती उकरून ही भर काढते. वाड्यात तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडून लोहाचे इंजेक्शन द्यावे. रानात पिल्ले तीन-चार महिने हळूहळू दूध सोडतात. आपल्याकडे सहा ते आठ आठवड्यांनी तोडतात. दूध तोडले की मादी चार ते सात दिवसांत पुन्हा माजावर येते. एका वेताची भावंडे पुढेही एकत्रच ठेवा, मारामारी वाचते. हॉटेलातले उरलेसुरले अन्न उकळल्याशिवाय घालू नका. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग २०२० साली आसामात आणि अरुणाचलात प्रथम आढळला आणि मग देशात इतरत्र पोचला. तो माणसाला होत नाही, पण वाड्यात शिरला तर वाडा रिकामा करतो. २०१२च्या पशुगणनेत देशात एक कोटी तीन लाख डुकरे होती, २०१९ मध्ये ती ९०.६ लाखांवर आली होती; पाळणारे आधीच कमी होत होते, त्यात हा रोग.

जाता जाता गावठी जातींविषयी. गोव्यातल्या काणकोण तालुक्यातल्या आगोंद गावावरून नाव पडलेली 'आगोंदा गोवन' ही काळी जात कर्नालच्या राष्ट्रीय ब्यूरोकडे नोंदलेली आहे. अशा गावठी माद्यांना पिल्ले कमी होतात, पण त्या अंगाने हलक्या आणि चपळ असतात. ज्यांच्याकडे पेंढ्याचीही वानवा आहे, त्यांनी मोठ्या विलायती मादीच्या नादी लागण्याआधी विचार करावा, असे मला वाटते.

त्या बाईंनी मादी खाटकाला दिली नाही. उरलेली चार पिल्ले आठ आठवड्यांची झाली, मादी पुन्हा फळवली, आणि सहा महिन्यांनी तिचे दिवस भरत आले. या खेपेला मी आठ दिवस आधी जाऊन बांबू बांधून घेतला. बाईंनी फडातून पाचटाचे दोन भारे आणून ठेवले. पण मनातून त्यांना ते पटलेले नव्हते. एवढ्या स्वच्छ वाड्यात कचरा कशाला, असा भाव तोंडावर दिसत होता. आदल्या संध्याकाळी मादी पाचट तोंडात धरून नेऊ लागली, तेव्हा त्या जाऊबाईंना हाक मारून दोघी उंबऱ्यावर बसून पाहत राहिल्या. रात्री अकरा पिल्ले झाली. एक मेलेलेच जन्मले, एक दुसऱ्या दिवशी चेंगरले. चौथ्या दिवशी मी गेलो तेव्हा नऊ पिल्ले कासेला लागली होती, आणि पाचटाच्या ढिगातून एक हिरवा काठ बाहेर डोकावत होता. मी विचारले, “मावशी, हे काय?” तर म्हणाल्या, “आवो, माझं लुगडं हाय. कुडावर वाळत घातलं व्हतं, तिनं वडून नेलं रातचं.” मी म्हटले, काढून घ्या मग.

“नगं,” त्या म्हणाल्या. “बाळंतीन हाय ती. ऱ्हाऊ द्या.”